प्रभूचे मेज आणि घरचे ताट

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, सर्वांत जुना लेखी वृत्तान्त जेवणावरून झालेल्या कानउघाडणीत सापडतो. ही कानउघाडणी करणारे पत्र प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहाला, लिहिले ते इ. स. 53 ते 55 च्या सुमारास, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमाने लिहिली जाण्याआधी. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली, हे शब्द आज जगभर वेदीपाशी उच्चारले जातात. पौलाने ते लिहिले ते मात्र उपासनेचा विधी शिकवायला नव्हे. तो संतापलेला आहे. त्याच्या कानावर आले आहे की मंडळी एकत्र जमली की जो तो आपले जेवण आधी उरकून घेतो. एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो.

करिंथ हे बंदराजवळचे, गजबजलेले शहर. मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. कुणा ऐपतदाराच्या घरी लोक जमत. रोमन घरांत जेवणाच्या दालनात तीन बाजूंना आसने असत, त्यांवर कलंडून साधारण नऊ माणसे जेवू शकत. बाकीच्यांनी बाहेर चौकात बसायचे. मजूर आणि गुलाम दिवसाचे काम संपवून येत असणार, तोवर आतले जेवण आटोपलेले. कुणी मुद्दाम दुष्टावा करत होते असे मला वाटत नाही. पाहुण्याच्या मानाप्रमाणे वाढायचे, ही त्या समाजाची रीतच होती. पौल मात्र ती रीत मान्यच करत नाही. तुम्ही एकत्र येऊन जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच, असे तो सरळ सांगतो. भाकर आहे, प्याला आहे, प्रार्थनाही होत असेल. पण शेजारी बसलेला उपाशी आहे, आणि तेवढ्यावरून ते भोजन रद्द ठरते.

हा उतारा मी पुष्कळदा वाचला आहे आणि दर वेळी तो मला नव्याने लागतो. पुढच्या शतकांत भाकरीचे नेमके काय होते, केव्हा होते, कुणाच्या हातून होते यावर विद्वानांनी अफाट विचार केला, आणि तो विचार वाया गेला असे मी मुळीच म्हणणार नाही. पण मुळात जे पहिले भांडण झाले ते कुणाला मिळाले आणि कुणाला नाही, यावरून झाले.

आणि ते तसेच होणार होते, कारण हा विधी जन्माला आला तोच जेवणात. शेवटचे भोजन हे खरेखुरे जेवण होते. शुभवर्तमानकार मत्तय, मार्क आणि लूक ते यहूद्यांच्या वल्हांडण सणाचे भोजन म्हणून सांगतात. योहानाच्या हिशेबाने ते सणाच्या आदल्या संध्याकाळी पडते. दिवस कोणताही धरा, घडले ते यहूदी घरातल्या कुठल्याही महत्त्वाच्या जेवणात घडते तेच. घरातला मुख्य माणूस भाकर हातात घेतो, पृथ्वीतून अन्न उगवणाऱ्या देवाचा धन्यवाद करतो, भाकर मोडतो आणि पंगतीला वाटतो. प्याल्यावर द्राक्षवेलीचे फळ निर्माण करणाऱ्या देवाची स्तुती होते. येशूने नवी वस्तू आणली नाही की नवी कृती. रोज हातात येते तेच त्याने उचलले आणि त्याला आपल्या देहाचे नाव दिले.

लूकच्या शुभवर्तमानात या कृती तीनदा येतात, त्याच क्रमाने. पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन हजारोंना जेवू घालताना: घेतल्या, आशीर्वाद दिला, मोडल्या, दिल्या. शेवटच्या रात्री: घेतली, उपकार मानले, मोडली, दिली. आणि येशू मेलेल्यांतून उठला त्या, पुनरुत्थानाच्या, संध्याकाळी अम्माऊस गावी. दोन शिष्य वाटभर एका अनोळखी माणसाशी बोलत येतात. शास्त्राचा अर्थ तो उलगडून सांगतो, त्यांची मने पेटतात, पण ओळख पटत नाही. ओळख पटते ती रात्रीच्या जेवणाला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. उघड्या माळरानावरची पंगत, माडीवरचे शेवटचे भोजन आणि दोघांच्या घरचे साधे रात्रीचे जेवण, या तिन्हींना लूक एकाच ओळीत बसवतो. यातले कोणते धार्मिक आणि कोणते ऐहिक, हे त्याला विचारले असते तर त्याला तो प्रश्नच कळला नसता असे मला वाटते.

पहिल्या काही पिढ्यांनी हे एकपण सांभाळले. ‘डिडाखे’ नावाचे मंडळीच्या शिस्तीचे एक छोटे पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे. त्याचे पूर्ण हस्तलिखित 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे फिलोथिओस ब्रिएनिओस या बिशपांना सापडले आणि 1883 मध्ये छापून आले. त्यातल्या प्रार्थनेत प्याला आधी येतो, भाकर नंतर. भाकरीविषयी म्हटले आहे: ही डोंगरांवर विखुरलेली होती, गोळा होऊन एक झाली, तशीच तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून तुझ्या राज्यात गोळा होवो. आणि पुढची प्रार्थना कधी म्हणायची? तर तृप्त झाल्यावर. म्हणजे लोक पोटभर जेवत होते. साधारण 112 साली प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला स्तोत्र म्हणतात, पांगतात आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात. आणि जे खातात ते साधे, निरुपद्रवी अन्न असते. सरकारी चौकशीतून निघालेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते. काय खाता, असे त्यांना विचारले गेले असणार, आणि त्यांनी खरे तेच सांगितले.

पण दोन मेजे हळूहळू वेगळी झाली. जस्टिन हुतात्मा हा ख्रिस्ती लेखक साधारण 155 साली रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो तेव्हा तिथे पूर्ण जेवण दिसत नाही. वाचन, उपदेश, प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. प्रीतिभोजने, म्हणजे मंडळीची एकत्र जेवणे, काही काळ वेगळी चालू राहिली. चौथ्या शतकात लावदिकियाच्या धर्मसभेने ती उपासनागृहात भरवायला मनाई केली: देवाच्या घरात जेवू नये, जेवणाची आसने मांडू नयेत. मला या निर्णयामागची काळजी समजते. मंडळ्या मोठ्या झाल्या होत्या, शेकडो माणसांना दर आठवड्याला जेवू घालणे सोपे नाही, आणि जिथे पंगत बसते तिथे मानापमानही बसतो. घास लहान झाला तेव्हा निदान तो सर्वांना सारखा झाला. श्रीमंताच्या तळहातावर आणि भिकाऱ्याच्या तळहातावर एकाच आकाराचा तुकडा येतो, हे लहान गोष्ट नाही. तरी त्या तुकड्याने कुणाचे पोट भरेनासे झाले, आणि भुकेचा प्रश्न वेदीपासून दूर सरकला, हेही खरे.

तो परत वेदीपाशी आणणारेही होऊन गेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तम हा नामवंत उपदेशक आपल्या उपदेशात विचारतो की ख्रिस्त भुकेने मरत असताना त्याचे मेज सोन्याच्या प्याल्यांनी भरून काय उपयोग? आधी उपाशी माणसाला जेवू घाला, मग उरेल त्यातून मेज सजवा. सोने देऊ नका असे तो म्हणत नाही. क्रम सांगतो.

आता खुद्द भाकरीकडे वळते, कारण तिचीही एक गोष्ट आहे. गव्हाचे पीठ आणि पाणी. खमीर घातले तर ती फुगते, नाही घातले तर चपटी राहते. एवढ्याशा फरकावरून पूर्व आणि पश्चिम ख्रिस्तसभा एकमेकींवर तुटून पडल्या. पश्चिमेत वल्हांडणाची आठवण म्हणून बेखमीर भाकर रूढ झाली होती. पूर्वेत खमिराचा पाव. त्यांच्या लेखी फुगलेला पाव म्हणजे जिवंत, पुनरुत्थित देह, आणि बेखमीर भाकर म्हणजे जुन्या कराराकडे, येशूआधीच्या यहूदी धर्माकडे, मागे जाणे. 1054 च्या प्रसिद्ध फाटाफुटीत सत्तेचे आणि प्रतिष्ठेचे प्रश्न होतेच, पण आदल्या वर्षी ओख्रिदच्या आर्चबिशप लिओने लिहिलेल्या पत्रात मोठा आक्षेप होता तो बेखमीर भाकरीवर. पुढे 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने दोन्ही भाकरी ग्राह्य आहेत असे ठरवले. तोवर चार शतके होत आली होती.

मला हा वाद हास्यास्पद वाटत नाही. लोक ज्या गोष्टीवर जीव लावतात तिच्या घडणीवरून भांडतात. शिवाय शास्त्रात दोन्ही आहेत. जुने खमीर काढून टाका, असे पौल सांगतो, आणि तिथे खमीर म्हणजे वाईटपणा. पण येशू सांगतो की स्वर्गाचे राज्य खमिरासारखे आहे. एका बाईने ते तीन मापे पिठात लपवले आणि सगळे पीठ फुगून आले. तीन मापे म्हणजे एका घरापुरते पीठ नव्हे, आख्ख्या वस्तीच्या जेवणाचे. त्या दाखल्यातली बाई मला फार आवडते. ती नक्की कुणासाठी एवढे पीठ मळत होती हे येशू सांगत नाही, पण एवढे पीठ कुणी एकट्यासाठी मळत नाही.

खमिराविषयी आणखी एक गोष्ट त्या भांडणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. पाव फुगवणारा आणि द्राक्षारस आंबवणारा जीव मुख्यतः एकच आहे, यीस्टची एकच जात. साखरेचे तो वायूत आणि मद्यार्कात रूपांतर करतो. पावात वायू अडकून राहतो आणि मद्यार्क भट्टीत उडून जातो. द्राक्षारसात वायू निघून जातो आणि मद्यार्क राहतो. आंबणे हे सजीवांचे काम आहे हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिले. त्याआधी हजारो वर्षे माणसे त्या अदृश्य जिवाच्या भरवशावर पीठ झाकून ठेवत आली आणि रस मडक्यात भरत आली. भाकर आणि द्राक्षारस या दोन्ही गोष्टींत माणसाच्या कष्टांइतकाच वाट पाहण्याचा वाटा आहे, आणि वाट पाहत असताना जे घडते ते आपल्या हातात नसते. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, अर्पणाच्या वेळी भाकरीला पृथ्वीचे आणि मानवी हातांच्या श्रमाचे फळ म्हणतात. वेदीवर गहू ठेवत नाहीत आणि द्राक्षांचा घडही ठेवत नाहीत. दळलेले, मळलेले, भाजलेले ठेवतात. तुडवलेले आणि मुरलेले ठेवतात. कापणाऱ्याची पाठ, दळणारीचे खांदे, भट्टीपाशी घामेजलेला माणूस, हे सगळे त्यात आधीच आलेले असते. जुन्या करारात नियम आहे की कुणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना भाकर कुठून येते हे पक्के ठाऊक होते.

प्याल्याचा इतिहास अधिक दुखरा आहे. मध्ययुगात पश्चिमेकडे सामान्य माणसाला फक्त भाकर देण्याची प्रथा पडत गेली. प्याला धर्मगुरूपुरता उरला. थेंब सांडेल ही भीती त्यामागे होती, आणि भाकरीत ख्रिस्त संपूर्ण आहे ही श्रद्धाही. 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने ही प्रथा नियम म्हणून पक्की केली. त्याच सभेने त्याच वर्षी 6 जुलैला बोहेमियाचा (आजच्या चेक देशातला) उपदेशक यान हुस याला जाळले. त्याच्या अनुयायांनी मग प्याला हेच आपले निशाण केले. तो त्यांच्या झेंड्यांवर आला आणि त्यासाठी वर्षानुवर्षे लढाया झाल्या. 1436 च्या तडजोडीत बोहेमियातल्या सामान्य लोकांना प्याला मिळाला. उरलेल्या कॅथलिक जगात तो पुन्हा लोकांच्या ओठांपर्यंत यायला दुसऱ्या व्हॅटिकन सभेची, म्हणजे 1960 च्या दशकाची वाट पाहावी लागली. एका घोटासाठी माणसे मेली. मी प्याला हातात घेते तेव्हा हे मनात येते, आणि येऊ नये असे मला वाटत नाही.

सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या सुधारकांचेही एकमत झाले नाही. 1529 मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथरने मेजावर खडूने लॅटिनमध्ये ‘हे माझे शरीर आहे’ असे लिहिले आणि त्यावरून तो हलला नाही. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधराव्यात, ख्रिस्त या भाकरीत आणि द्राक्षारसात देहाने आहे का, यावर गाडी अडली. त्यानंतर चार शतकांहून अधिक काळ त्या दोन परंपरांतली कित्येक माणसे एकमेकांच्या घरी मजेत जेवली, आणि रविवारी एका मेजाशी येऊ शकली नाहीत. याचे मला खरोखर दुःख आहे.

त्यामानाने द्राक्षारस आंबलेला हवा की नुसता रस चालेल, हा प्रश्न मला सोपा वाटतो, आणि माझे मत स्पष्ट आहे. 1869 मध्ये न्यू जर्सीतले दंतवैद्य आणि मेथडिस्ट पंथाचे सभासद थॉमस वेल्च यांनी पाश्चरची तापवण्याची रीत वापरून द्राक्षांचा रस न आंबता टिकवून दाखवला. उद्देश प्रभुभोजनाचाच होता. त्याआधी साठवलेला रस आंबणारच, तो नुसता रस म्हणून टिकत नसे. व्यसनातून सुटू पाहणाऱ्या माणसाला मेजाशी यायला भीती वाटत असेल, तर त्याच्यासाठी प्याला बदलला पाहिजे. कॅथलिक नियम याबाबत कडक आहेत: भाकर गव्हाचीच हवी, रस द्राक्षांचाच. तरीही ज्या धर्मगुरूला मद्य चालत नाही त्याला जेमतेम आंबायला लागलेला रस वापरण्याची परवानगी मिळू शकते, आणि ज्याला गव्हातले ग्लुटेन सोसत नाही त्याच्यासाठी अगदी थोडे ग्लुटेन असलेली भाकर चालते. नियम आणि माणूस या दोघांना सांभाळायची ही धडपड मला आदराची वाटते.

रोजच्या जेवणाचे काय? क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी भाकर आणि द्राक्षारसाचा विधी पाळलाच नाही. प्रत्येक जेवण प्रभूसमोरच होते अशी त्यांची धारणा. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेनेही 1883 पासून तो थांबवला. मी त्यांच्या वाटेने जाणार नाही. सगळीच जेवणे पवित्र आहेत असे म्हणणे खरे असले तरी माणूस विसराळू आहे, आणि एक मेज वेगळे मांडले नाही तर बाकीच्या मेजांकडे त्या नजरेने पाहायला तो शिकणार कुठे? सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जे नियम लिहिले त्यांत मला याचे उत्तर सापडते. माणशी दिवसाला एक रत्तल भाकर आणि साधारण पाव लिटर द्राक्षारस. साधूंनी द्राक्षारस पिऊच नये असे मी वाचले आहे, असे तो लिहितो, पण आजच्या साधूंना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान बेताने पिऊ या. स्वयंपाकघरातली सेवा आळीपाळीने सर्वांनी करायची. आणि कोठाराचे काम पाहणाऱ्याने मठातल्या साऱ्या भांड्यांकडे आणि सामानाकडे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखे पाहायचे. खरकटी परात आणि सोन्याचा प्याला, दोन्ही एकाच काळजीने उचलायची. माझ्या घरात भांडी घासताना मला हा नियम कित्येकदा आठवतो, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ तेव्हा मला अधिक खरी वाटते.

विधी संपल्यावर उरते त्याचे काय करायचे, यावरही मंडळ्यांनी मन लावून विचार केला आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स उपासनेत अर्पणाच्या पावातला मधला भाग कापून वेदीसाठी घेतात; बाकीचा पाव उपासनेनंतर उपस्थितांना वाटतात. इंग्लंडच्या चर्चच्या 1552 सालच्या प्रार्थनापुस्तकात म्हटले होते की भाकर रोजच्या जेवणात असते तशीच असावी, फक्त मिळेल तितकी उत्तम गव्हाची. आणि काही उरले तर ते पाळकाने आपल्या घरी वापरावे. 1662 च्या आवृत्तीत फरक केला: ज्यावर प्रार्थना झाली ते चर्चबाहेर नेऊ नये, तिथेच आदराने खाऊन-पिऊन संपवावे, ज्यावर झाली नाही तेवढेच घरी न्यावे. शंभर वर्षांत माणसांची जाण कशी सरकली, ते या दोन सूचनांत दिसते. मला स्वतःला 1662 ची बाजू योग्य वाटते, पण 1552 चे पहिले वाक्य सोडवत नाही.

जस्टिनच्या वर्णनातला एक तपशील मी मुद्दाम मागे ठेवला होता. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक भाकर आणि प्याला पोचवत, असे तो लिहितो. आणि ज्यांना ऐपत आहे ते जे देत त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची व्यवस्था होई. व्हिएतनामचे बिशप न्गुयेन व्हान थुआन 1975 नंतर तेरा वर्षे कैदेत होते, त्यातली नऊ एकांतकोठडीत. पोटाचे औषध म्हणून बाहेरून आलेल्या छोट्या बाटलीतल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा करत. तळहात हाच प्याला. एवढ्या थोड्यावर एवढे मोठे काही उभे राहते, याचा पुरावा द्यायची वेळ माझ्यावर आली तर मी हेच सांगेन.

आईच्या शेवटच्या आजारपणात तिला मेजापर्यंत येता येत नसे. अन्नाचा वास आला तरी ती तोंड फिरवायची. पाळक प्रभुभोजन द्यायला घरी आले त्या दिवशी त्यांनी घरातलाच पाव मागून घेतला. त्यातला एक तुकडा कापून बाजूला ठेवला, त्यावर आणि थोड्या रसावर प्रार्थना केली. बाकी पाव तसाच ताटात राहिला. आईने कणभर तुकडा जिभेवर धरला, बराच वेळ. गिळला. मग प्याल्याला ओठ लावले. आमेन म्हटले, आणि लगेच माझ्याकडे वळून विचारले की यांना जेवायला वाढलेस का. मी नाही म्हटल्यावर तिला राग आला, आजारात तिला क्वचितच यायचा तसा खणखणीत. पाळक संकोचून नको नको म्हणत होते. तिने ऐकले नाही. मी तिच्या खोलीतच मेज ओढून आणले, उरलेला पाव कापला, आणि पाळक जेवायला बसले. आई उशाला टेकून त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवून होती. अजून एक तुकडा वाढ, असे तिने मला दोनदा सांगितले.